री म्हंजे पुन्हा वं बाई

जयवंताला इंग्रजी येत नव्हतं असं म्हणता येणार नाही. यायचं, पण मुक्कामाला राहायचं नाही. दुपारी धुणं धुताना घोकलेले शब्द संध्याकाळी कणीक मळेपर्यंत कुठं पसार व्हायचे ते तिचं तिलाही कळत नसे. मॅट्रिकचे बाकी सगळे विषय तिनं लकडगंजला माहेरी असतानाच सोडवले होते. इंग्रजी तेवढं राहिलं. लग्न झाल्यावर पुन्हा बसली, तर पुन्हा राहिलं. आता एकोणसत्तर सालचा ऑक्टोबर समोर होता, कडेवर सव्वा वर्षाची चिमी होती, आणि या खेपेला नापास होऊन चालणार नव्हतं.

चालणार नव्हतं ते शोभाताईंमुळे. सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत त्या समोरच्या घरात राहायच्या आणि मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. शाळेला लागूनच एक बालवाडी निघणार होती. तिथं बाई हवी होती, मॅट्रिक पास झालेली.

"निकालापर्यंत मी जागा धरून ठेवते," शोभाताई म्हणाल्या होत्या. "त्यापुढं माझं कोणी ऐकणार नाही. कुणाची तरी भाची येऊन बसेल."

बालवाडीच्या खोलीला चुना लावणं चालू होतं तेव्हा जयवंता चिमीला घेऊन दोनदा खिडकीतून डोकावून आली होती. फळा कुठं टेकवायचा, पोरांच्या चपला कोणत्या भिंतीशी काढायला लावायच्या, सगळं तिनं मनात लावून टाकलं होतं. कुणाच्या भाचीला ते कसं जमणार?

एकच अडचण होती, आणि ती कडेवर बसून तिच्या मंगळसूत्राचे मणी चोखत होती. चिमी दोनच माणसांजवळ राहायची, आईजवळ नाहीतर आजीजवळ. बापानं घेतलं तर देवी टोचणारा डॉक्टर आल्यासारखी किंचाळायची. म्हणजे पेपरचे तीन तास सगळे प्रयागबाईंच्या हातात. सासूबाई तशा कबूल झाल्या होत्या. "जाय तू, देऊन ये पेपर," त्या म्हणाल्या होत्या. "माया नातीले मी नाही पाहीन तं कोन पाहीन?" हे त्या सकाळी म्हणाल्या, दुपारी म्हणाल्या, आणि संध्याकाळी रुपराव कामावरून आल्यावर त्यालाही ऐकवलं. प्रयागबाईंची रीतच तशी होती. कोणतीही गोष्ट एकदा सांगून ती पोचली असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता.

तर शोभाताईंनी परीक्षेसाठी शब्दांच्या पुढं लागणारे तुकडे, म्हणजे उपसर्ग, काढून दिले. री, प्री, सब, एक्स, इंटर, पोस्ट, ट्रान्स, सुपर. प्रत्येकाचा अर्थ आणि त्यानं सुरू होणारा एकेक शब्द. दहा मार्कांचा प्रश्न हमखास.

"हे मूळचे इंग्रजी नाहीत," शोभाताईंनी समजावलं. "लॅटिन आहेत. रोमच्या लोकांची भाषा."

"ते लोक आता कुठं राहतात, ताई?"

"कुठं नाही. संपले. भाषा मागं ठेवून गेले."

जयवंताला ते पटलं. घर मोडलं की भांडी वाटून घेतात, त्यात इंग्रजांच्या वाट्याला या डाव-पळ्या आल्या असतील.

"आपल्यात नाही का?" शोभाताई म्हणाल्या. "उपवास, उपनगर. पुनर्विवाह. बिनकामाचा. पुढं एवढंसं लागतं आणि शब्दाचं तोंड फिरतं. तसंच आहे हे. कळलं ना?"

कळलं तर होतं. राहत नव्हतं. रीच्या जागी प्री यायचा, सब आणि सुपर एकमेकांच्या घरात घुसायचे, आणि ट्रान्सला तर काही केल्या स्वतःचा अर्थ सापडायचा नाही. एका दुपारी ती चिमीची दुपटी पिळता पिळता रडकुंडीला आली.

त्याच संध्याकाळी भुलाबाई होत्या. भाद्रपदी पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरी घरोघर फिरून मातीच्या भुलाबाईपुढं टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायच्या. शेवटी घरवाली डबा हलवून दाखवायची आणि आत कोणता खाऊ आहे तो पोरींनी ओळखायचा. जयवंता चिमीला घेऊन दाराशी उभी होती, आणि पोरींच्या बरोबर तिचे ओठ आपोआप हलत होते. एक गाणं झालं, दुसरं झालं, एका शब्दाला ती अडली नाही. ही गाणी तिनं कधी पाठ केली नव्हती. आठ वर्षांची असताना अंगात शिरली होती ती अजून तिथंच राहत होती, भाडं न देता.

मग इंग्रजीच काहून घरात राहत नाही?

दुसऱ्या दिवशी चिमीला झोळीत टाकून झोका देता देता तिनं जुळवायला घेतलं. भुलाबाईचं गाणं म्हटलं की त्यात सासू पाहिजे, नणंद पाहिजे, उपाशी सून पाहिजे आणि न येणारं माहेर पाहिजे. जयवंताला नणंद नव्हती आणि उपाशीही कोणी ठेवत नव्हतं, पण गाण्याला त्याचं काय? चिमीचे डोळे मिटायच्या आत पहिल्या ओळी झाल्यासुद्धा:

री री म्हंजे पुन्हा वं बाई,
सासू बोले, थांबत नाही.
प्री प्री म्हंजे आधी वं बाई,
नणंद जेवे, वाट ना पाही.
पोस्ट म्हंजे नंतर वं बाई,
सुनेले उरली खरवड काही.

"री री" म्हटलं की चिमी झोळीतून पाय झाडून हसायची आणि म्हणायची, "ली ली." पुढच्या दोन-तीन दुपारी एक्स झाला, म्हणजे बाहेर, नवरा घरात गवसत नाही. सब झाला, म्हणजे खाली, सुनेला बसायला पाट नाही. ट्रान्स म्हणजे पलीकडे, तर माहेर नागनदीच्या पलीकडेच होतं, तिथून गाडी येत नाही. इंटर म्हणजे मधात. इथं ती जराशी थांबली, आणि मग शेजारच्या मनकर्णेची आठवण होऊन तिला हसू आवरेना:

इंटर म्हंजे मधात वं बाई,
मनकर्णेबिगर भांडन नाही.

सुपर तेवढा राहून गेला. त्याला गाण्यात कोणी मिळेना. असो, एकटाच होता, लक्षात राहिला असता.

आणि सगळं राहिलं. भांडी घासताना राहिलं, कणीक मळताना राहिलं, सकाळी उठल्यावर जिथल्या तिथं होतं. शोभाताईंनी उलटसुलट विचारून पाहिलं, जयवंता अडेना, म्हणून त्यांनी वर आणखी सहा तुकडे दिले. चिमीचंही भलं झालं. या गाण्याशिवाय ती आता झोपेना, रडताना हेच लागे, आणि सुरुवातीची "री री" तर दोनदा म्हणावी लागे.

बिघडवलं ते मनकर्णेनं. दोन्ही घरांच्या मध्ये कुडाची भिंत होती आणि मनकर्णेचे कान त्या भिंतीच्या अलीकडं असायचे. आपलं नाव गाण्यात आलं म्हणून तिला राग यायला हवा होता, पण तिला इतका आनंद झाला की तिनं गल्लीतल्या पोरींना एका संध्याकाळात सगळं गाणं शिकवून टाकलं.

"कायले शिकवलं वं?" जयवंता घाबरून म्हणाली.

"बह्याड हायेस काय? इतलं चांगलं गानं घरात काहून ठेवतं? मधात मी हाव ना."

त्याच्या दुसऱ्या दिवशी भुलाबाई प्रयागबाईंच्या अंगणात होत्या. प्रयागबाईंनी मुरमुऱ्याचे लाडू केले होते, डब्यात घालून ठेवले होते, पाटावर जुनेराचा गादीसारखा चौकोन करून वर बसल्या होत्या. पोरींनी टिपऱ्या आपटल्या आणि सुरू केलं. री री म्हंजे पुन्हा वं बाई. प्रयागबाई मान डोलवत होत्या. चिमी टाळ्या पिटत होती. जयवंता दाराआड चौकटीला धरून उभी होती.

गाणं संपल्यावर प्रयागबाई म्हणाल्या, "नवं हाय व्हय? री काय असते?"

"इंग्रजी हाय, आजी," एक पोट्टी म्हणाली. "री म्हंजे पुन्हा. तेच ते सांगत राहनं. तुमच्या सुनेनं जोडलं."

प्रयागबाईंनी डबा खाली ठेवला. हलवून दाखवला नाही. पोरींना लाडू तसेच न ओळखता देऊन टाकले, आणि हे इतकं अशुभ होतं की पोरी गुपचूप लाडू खात निघून गेल्या.

"जयवंते," त्या म्हणाल्या. "मी तेच ते बोलतो?"

"नाही, आत्याबाई. ते गाण्यातली सासू..."

"मी तेच ते बोलतो काय? अवं, मी एक वेळा सांगतो, तू ऐकत नाहीस, म्हनून सांगा लागते. तू ऐकत नाहीस म्हनून. ऐकली असती तं कायले सांगा लागलं असतं?"

रात्रीचं जेवण होईपर्यंत हे त्यांनी भुलाबाईला सांगितलं, चिमीला सांगितलं, आणि कुडापलीकडच्या मनकर्णेलाही ऐकू जाईल असं सांगितलं. मग रुपरावाच्या ताटात भाकरी वाढता वाढता निकाल दिला. पेपरच्या दिवशी पोरीचं ज्याचं त्यानं पाहावं. जी बाई तेच ते बोलते तिच्याजवळ लेकरू ठेवू नये. लेकरू बिघडते.

रुपराव गांधीबागेत कापडाच्या दुकानात गादीवर बसायचा. दिवसभर बायकांपुढं तागे उलगडून त्याच्या स्वभावाची धार गेली होती, फक्त मऊपणा राहिला होता. माय बाहेर गेल्यावर तो बायकोजवळ येऊन हळूच म्हणाला, "पोट्टी मी ठेवतो त्या दिवशी. सुट्टी घेतो."

चिमीनं त्याच्याकडं पाहिलं आणि ओठ बाहेर काढला.

"नाही, नाही, घेत नाही मी," तो लगेच मागं सरकला. "मंग एकच उपाय हाय. गिऱ्हाईक बिचकलं तं भांडत नसतेत. दुसरा माल दाखवतेत."

"म्हंजे?"

"मायले री आवडला नाही ना? दुसरा दे. तुयाजवळ तं गंज हायेत, ढीगभर."

सकाळी चुलीपुढं त्यानंच विषय काढला. "माय, ते री तुले शोभत नाही, खरंच हाय. ही दुसरे दाखवते. पसंत पडन ते घे."

प्रयागबाईंनी पाट पुढं ओढला. हे रुपरावानं ओळखलं. गिऱ्हाईक बसलं.

"प्रो हाय, आत्याबाई," जयवंता म्हणाली. "म्हंजे पुढं."

"पुढं पुढं करनारी? दुसरं दाखव."

"मल्टी. म्हंजे पुष्कळ."

"मी काय आठवडी बाजार हाव?"

"ऑम्नी. म्हंजे सगळीकडं."

"सगळीकडं नाक घालनारी. समजलं मले. पुढं."

"को. म्हंजे सोबत."

"सोबत करवली जाते. मी वरमाय हाव."

"अल्ट्रा," जयवंता घाम पुसत म्हणाली. "म्हंजे हद्दीच्या पलीकडं."

"झालं. आता घराबाहेर काढनं राहिलं होतं तेही झालं."

सेमी म्हणजे अर्धी हे जयवंतानं स्वतःच गिळून टाकलं. रोमच्या लोकांना सासवा नव्हत्या काय, असा तिला प्रश्न पडला. एक शब्द असा नाही की जो सासूला सरळ चिकटेल आणि कुठून टोचणार नाही. चिमीनं तेवढ्यात पिठाच्या परातीत हात घातला, आणि तिला ओढता ओढता जयवंताच्या तोंडून शेवटचा निघाला, "सुपर. वर."

"वर?" प्रयागबाई म्हणाल्या. "मले वर पाठवून राहिली तू?"

"तसं वर नाही, माय," रुपराव मधेच म्हणाला. "सगळ्याहून वर. कपड्यात असते ना, सुपरफाईन. त्याच्याहून चांगला माल दुकानात नाही."

प्रयागबाईंनी चुलीत लाकूड सारलं. "सुपर," त्यांनी तोंडात फिरवून पाहिलं. "सुपर सासू. बरं हाय. पहिलेच काहून नाही दाखवलं?"

गाणं बदललं. आता पहिली ओळ सुपरची, त्यात सासू सर्वांहून वर, तिच्यासारखी दुसरी नाही. प्रयागबाईंनी पोरींना बोलावून स्वतः शिकवलं, दोन-तीनदा म्हणून घेतलं, आणि पेपरच्या दिवसाचं पुन्हा कबूल केलं.

पण भुलाबाईची पद्धत अशी की गाणं ज्या अंगणात होतं त्या घरच्या बाईचा मान. मनकर्णेच्या सासूनं, रंभाबाईंनी, विचारलं की सुपर एकट्या प्रयागबाईच काहून? त्यांच्या अंगणात त्या सुपर झाल्या. पलीकडच्या घरी पलीकडची सासू झाली. आठवडाभरात त्या गल्लीतली प्रत्येक सासू सर्वांहून वर होती, आणि खाली म्हणून कोणी उरलं नव्हतं. री मात्र बेवारशी फिरत होता. नणंदेला लावला तर माहेरी आलेल्या नणंदा चिडल्या. जावेला लावला तर एका घरी बोलणं बंद झालं. शेवटी मनकर्णेनं तो आपल्या कोंबडीला दिला, कारण कितीही हाकललं तरी ती पुन्हा पुन्हा जयवंताच्या वाफ्यात जायची. कोंबडी काही बोलली नाही.

जयवंताला वाटलं, या उलथापालथीत आपलं सगळं घोळात गेलं. झालं उलटंच. कोणता शब्द कुणी का नाकारला, हे आता मारून टाकलं तरी विसरता येणार नव्हतं.

नवं गाणं एकाच व्यक्तीला मान्य नव्हतं. झोळीत सुपरची ओळ ऐकू आली की चिमी उठून बसायची आणि कोणीतरी तिचा खाऊ पळवल्यासारखी बघायची. मग ओठ बाहेर यायचा. प्रयागबाई समोर नसल्या की जयवंता न्हाणीत जाऊन, तोंड चिमीच्या कानाशी नेऊन, हळू आवाजात जुनं म्हणायची. री री. चिमीच्या मानेला दूध-पिठाचा आंबूस वास यायचा, आणि "ली ली" म्हणताना तिची गरम फुंकर जयवंताच्या गालावर यायची. असं लपून गाणं तिनं कधी कुणासाठी म्हटलं नव्हतं.

पेपरच्या दिवशी प्रयागबाई म्हणाल्या, "मीच येतो सोबत शाळेत. पोट्टी भुकेजली तं तुयाजवळ आनता येईन. मी येतो, तू काळजी नको करू, मी येतो." नवी नऊवारी नेसून, पाण्याचा तांब्या आणि मुरमुरे घेऊन त्या शाळेच्या आवारात लिंबाखाली बसल्या. परीक्षेचा वर्ग समोरच होता, खालीच, आणि खिडक्या उघड्या होत्या. जयवंताला खिडकीजवळचा बाक मिळाला.

शोभाताईंनी सांगितल्याप्रमाणे तिनं आधी तुकड्यांचा प्रश्न घेतला. री आला होता, प्री आला होता, सब, इंटर, ट्रान्सही. तिनं ते भराभरा लिहून टाकले. तिला वाटलं, आता उताऱ्याचं भाषांतर केलं की आपण तरलो. उतारा एका प्रामाणिक लाकूडतोड्याचा होता. लाकूडतोड्या नदीपर्यंत पोचला आणि बाहेर चिमीनं भोकाड पसरलं.

आधी साधं रडणं होतं. मग श्वास अडकवून, वर चढवत नेलेलं. जयवंताचं पेन थांबलं. छाती दाटून आली आणि पोलक्याला ओल लागली. तिनं पदर ओढून घेतला. लाकूडतोड्या नदीकाठी उभा होता, त्याची कुऱ्हाड पाण्यात पडायची होती, आणि जयवंताला कुऱ्हाडीला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना. आता पेपर टाकून बाहेर गेलं तर परत आत घेणार नव्हते. दारावरच सांगितलं होतं. बाकाची कड तिनं दोन्ही हातांनी धरली.

बाहेर प्रयागबाईंचा आवाज आला, गाण्याचा. सुपर म्हंजे वर वं बाई.

चिमीनं त्यावर असा सूर लावला की वर्गातल्या मुली कानावर हात ठेवून बघू लागल्या. प्रयागबाईंनी सुपरची ओळ पुन्हा म्हटली, लाडानं म्हटली, टाळ्या वाजवून म्हटली. रडणं वाढतच गेलं. मग गाणं थांबलं. आवारात बाकी मुलींच्या आया, सासवा, भाऊ बसलेले होते. रंभाबाईंची बहीणही त्यात होती, हे जयवंतानं येतानाच पाहिलं होतं. आता या बाईच्या समोर सासूबाई काय करतील, ते तिला माहीत होतं. पोरीला उचलतील आणि दारात आणून उभ्या राहतील. तिनं पेनाला टोपण लावलं.

"री री म्हंजे पुन्हा वं बाई," बाहेरून आलं. आधी हळू, दाबून. "सासू बोले, थांबत नाही."

रडणं मधेच तुटलं. एक उचकी आली. आणि मग, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं, "ली ली."

"री री," प्रयागबाई मोकळ्या गळ्यानं म्हणाल्या. "प्री प्री म्हंजे आधी वं बाई."

जयवंतानं टोपण काढलं. आणि तिला दिसलं की सगळ्या वर्गात पेनं चालू झाली आहेत. पुढच्या बाकावरची वेणीवाली मुलगी तर मान तिरकी करून खिडकीकडं कान देऊन लिहीत होती. पोस्ट म्हंजे नंतर आलं. सब म्हंजे खाली आलं. इंटर म्हंजे मधात आलं, मनकर्णेसकट.

वर्गावरचे सर खिडकीशी उभे राहून ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी फळ्यावर लावलेली प्रश्नपत्रिका पाहिली, परत खिडकीबाहेर पाहिलं, आणि धोतराचा सोगा सावरत धावत बाहेर गेले.

"बाई, गाणं बंद करा. हे काय चालवलंय?"

"भुलाबाईचं गानं हाय."

"ही उत्तरं आहेत. आत परीक्षा चालू आहे. मी इथला सुपरवायझर आहे."

"काय हाय तुमी?"

"सुपरवायझर. म्हणजे वर देखरेख करणारा."

"असं व्हय," प्रयागबाई म्हणाल्या. "मंग ठेवा तुमच्याजवळच तो सुपर. लेकरू त्याले ऐकत नाही. मी पाहून घेतलं."

"गाणं बंद करा म्हणतो ना मी."

प्रयागबाई आज्ञाधारकपणे गप्प बसल्या. चिमीनं दोन क्षण वाट पाहिली आणि मग जे सुरू केलं त्यात शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली. वर्गात कुणाला लिहिता येईना. वेणीवाली मुलगी उठून म्हणाली, "सर, ते गाणंच बरं होतं." सरांनी कपाळ पुसलं. मग जयवंतानं जे ऐकलं ते ती पुढं कितीही सांगायची तरी शोभाताईंना खरं वाटायचं नाही.

"बाई," सर नरमाईनं म्हणाले, "असं करा. नुसतं री री म्हणा. अर्थ सांगू नका. आणि पुढचं म्हणू नका."

"नुसतं री?"

"नुसतं री."

मग घंटा होईपर्यंत आवारात लिंबाखाली री चालू राहिला. प्रयागबाई कधी ओवीसारखा म्हणत, कधी पाळण्यासारखा, कधी चिमीला पायावर घोडा घोडा करत. अर्थ एकदाही सांगितला नाही. मधेच कुणीतरी बाईनं काय चाललंय म्हणून विचारलं तेव्हा "सरकारी मनाई हाय, सांगता येत नाही," एवढंच म्हणाल्या. जयवंताच्या लाकूडतोड्याची कुऱ्हाड पाण्यात पडली, देवीनं ती काढूनही दिली, आणि घंटेच्या आत तिनं शेवटचा पूर्णविराम टाकला.

बाहेर आल्यावर ती आधी लिंबाच्या मागं जाऊन बसली. चिमी तिला लुचली. प्रयागबाई आपल्या नव्या नऊवारीचा पदर पसरून आडोसा धरून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, आणि तशाच विचारू लागल्या.

"जमला?"

"जमला वाटते, आत्याबाई."

"री आला होता?"

"पहिलाच आला होता."

प्रयागबाईंच्या पाठीवरूनसुद्धा कळलं की त्यांना ते आवडलं. "आन सुपर?"

"सुपर नाही विचारला."

"नाहीच विचारनार. त्याच्यात काय हाय?" मग त्या म्हणाल्या, "उद्या कोनता पेपर हाय?"

"उद्या नाही. एकच होता."

"एकच?" पदर थोडा खाली आला. "मले वाटलं गंज असतेत. पोट्टीले इथची हवा मानवली होती."

निकाल थंडीत लागला. शोभाताईच सांगत आल्या, जयवंता पास होती, काठावर, पण काठाच्या या बाजूला. प्रयागबाईंनी साखर वाटली आणि प्रत्येक घरी री कसा सरकारनं पहिलाच विचारला ते सांगितलं. रंभाबाईंनी री आपल्यालाही पाहिजे असं सुचवलं. त्यांना सांगण्यात आलं की तो दिला गेला आहे.

जानेवारीत बालवाडी उघडली. पहिल्या दिवशी जयवंता लवकर उठली, धुवट पातळ नेसली, आणि नेसताना तिला भीती एकाच गोष्टीची होती. निघताना चिमी पदर धरेल. पदर सोडवावा लागेल, बोटं एकेक करून, आणि ते आपल्याच्यानं होणार नाही. रात्रभर तिनं त्या बोटांचा विचार केला होता.

"जातो हं मी," ती दारात म्हणाली.

चिमी आजीच्या मांडीवर मुरमुरे निवडत होती. तिनं वर पाहिलं, एक मुरमुरा उचलून आईकडं केला, परत स्वतःच्या तोंडात घातला, आणि पाठ फिरवली.

"जाय ना," प्रयागबाई म्हणाल्या. "उभी काहून? पोरं वाट पाहून राहिली असतीन. जाय."

जयवंता गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. चप्पल नीट केल्यासारखं करत तिनं घराकडं कान दिला. आता रडेल. आता तरी रडेल. मनकर्णा दारात भांडी घासत होती, ती म्हणाली, "काय ऐकतं वं?"

"काही नाही."

"नाही रडून राहिली ती. मी कवाची ऐकतो. हसून राहिली."

"बरं झालं," जयवंता म्हणाली. डोळे पुसून ती शाळेकडं निघाली. तिच्या मनासारखं झालं होतं, अगदी मनासारखं, आणि तिला लेकीचा इतका राग आला होता की बालवाडीच्या दारात पहिलं रडणारं पोर दिसलं तेव्हा तिनं ते त्याच्या आईच्या हातून जवळजवळ हिसकूनच घेतलं.